याडीचा गळा आणि ओमचे पिकअप

नवरा रात्रंदिवस मोबाइलमध्ये तोंड घालून बसला की बायकोला जो संशय यायचा, तो मलाही आला होता. नंतर कळलं की माझी सवत गिटारीच्या पोटात बसली आहे आणि तिचं नाव पिकअप. म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की हे खाली ती थरथर पकडतं आणि स्पीकरकडे धाडून देतं. मला हे कसं ठाऊक, म्हणाल, तर दसऱ्यापासून आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

शेतात कापूस वेचायला बाया आलेल्या आणि माझा नवरा ओम कापसाच्या ढिगावर आडवा पडून मोबाइलवर कुणातरी परदेशी टकल्याकडून ऐकतोय, कोणता पिकअप गोड आणि कोणता कडक. एकेरी गुंडाळीचा असतो तो सिंगल कॉइल. दोन गुंडाळ्या जोडून केलेला असतो तो हंबकर, म्हणजे डबल. भाजीत मीठ जास्त पडलं तर हा म्हणायचा, ट्रेबल वाढला, म्हणजे धार जास्त झाली. मी ताट उचलून नेलं तेव्हा कुठे ताळ्यावर आला.

पण त्याच्या वेडामागचं कारण मला माहीत होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. कारण म्हणजे माझ्या सासूबाई.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दारव्ह्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. होळी आली की आमच्याकडे लेंगी होते. डफावर रिंगण धरून बाया आणि माणसं आमच्या गोर बोलीतली गाणी म्हणतात. सासूबाई, सुखीबाई, या रिंगणाचा जीव. त्यांनी ओळ उचलली की चुलीपुढची बाई पोळी तव्यावर टाकून बाहेर यायची. दोन वर्षांपूर्वी ओमने जुनी गिटार घेतली आणि त्याच होळीला रिंगणात वाजवली. पोरं खूश झाली. सासूबाई रिंगणात आल्या, एक ओळ म्हटली, दुसरीच्या मध्येच थांबल्या आणि घरी निघून गेल्या. मागच्या होळीला तर त्या उठल्याच नाहीत. गळा गेला म्हणाल्या आणि पुरणपोळ्यांत गुंतल्या.

ओमच्या मनाने घेतलं की दोष गिटारीचा. तिचा आवाज टोकदार, तो याडीच्या आवाजावर चढतो, म्हणून याडीने गाणं सोडलं. आईला आम्ही याडी म्हणतो, मीही सासूबाईंना तसंच म्हणते. हे मला सांगताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि मी इतकी तोंडाळ असूनही तेव्हा चेष्टा करू शकले नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनाच गायला सांगायचं. तिथेच तर आमची गोची. आमच्या तांड्यात लेंगीला कुणाला ये म्हणत नाहीत. ज्याचा जीव उठेल त्याने आपल्या पायाने रिंगणात यावं. बोलावणं म्हणजे हा आता स्वतःहून येईनासा झाला, असं चारचौघांत सांगणं. सुखीबाईंना गा म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान, आणि तो कुणी मुलगा करत नाही. मग मुलाने काय करावं, तर गिटारीची शस्त्रक्रिया करावी.

विठ्ठलरावांचं शेत आमच्या घराला लागून आहे. त्यांचा मुलगा अक्षय यवतमाळला वाद्यांच्या दुकानात असतो आणि डाग देण्याचं, म्हणजे वायरी सोल्डर करण्याचं कामही करतो. त्याने मालकाच्या परवानगीने दोन जोड आणले, एक सिंगल आणि एक डबल, दोन्ही एकाच मापाचे. बसवून ऐका, आवडेल तो ठेवा, दुसरा परत. होळीला पंधरवडा उरला होता. रविवारी दुपारी आमचं अंगण म्हणजे दवाखाना झालं. गिटार खाटेवर उताणी, पोट उघडं, अक्षय डोळे बारीक करून डाग देतोय आणि ओम बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा येरझारा घालतोय.

सासूबाई ओट्यावर सुपात तूर निवडत होत्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे रामधन, कानाला मोबाइल लावून भजन ऐकत होते. त्यांना कमी ऐकू येतं, आणि भजन आम्हा सगळ्यांना ऐकू येतं.

आधी डबल बसवला. ओमने तार छेडली आणि खरं सांगते, आवाज सायीसारखा आला. जाड, गुळगुळीत, खरखर नावाला नाही. अक्षयने मान डोलावली. शेजारची अंजू भिंतीवरून डोकावून छान म्हणाली. ओम मात्र चोरून आईकडे पाहत होता. त्याने लेंगीची चाल धरली, नेहमीची, पोरांना नाचायला आवडते तशी धावती. सासूबाईंनी सुपातला खडा काढून फेकला, बस. त्याने आवाज कमी करून पाहिला, मग आणखी कमी केला. तूर निवडून होत आली तरी आमचं काही निवडून होईना.

दुसरा जोड बसवेपर्यंत सांज झाली. त्यातून मधमाश्यांच्या पोळ्याजवळ गेल्यासारखी घूं निघाली, ती सिंगलची खोडच असते म्हणे. पण वर आणखी एक भानगड. स्पीकरमधून टक्, मग थोडं थांबून टक्, मग पुन्हा टक्. ओमने वायर हलवली, प्लग काढून घातला, तरी टक्.

अक्षय कुंपणाकडे पाहून हसायला लागला. "आमची झटका मशीन हाय ते. हरभऱ्यात रोही येते, म्हणून बाबा सांज झाली का चालू करते."

कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारी ती मशीन आमच्याकडे शेताशेताला आहे. रोह्याला, म्हणजे नीलगाईला, आणि डुकराला दूर ठेवते. तिचा झटका आता आमच्या गिटारीत येऊन बसला होता. ओमने कपाळाला हात लावला. एवढा अभ्यास करून हाती काय, तर शेजाऱ्याचं कुंपण. बाबांना फोन करून मशीन बंद करायला सांगतो, असं म्हणत अक्षयने मोबाइल काढला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा हात सुपात थांबला होता. टक् झालं, त्यांनी मान किंचित हलवली. पुन्हा टक् झालं. आणि तिसऱ्याला त्यांनी ओळ उचलली.

लेंगीच, पण मी कधी न ऐकलेल्या संथ चालीत. आवाज पूर्वीइतका उंच नव्हता, थोडा खरबरीत झाला होता, पण भरलेला होता. ओळ संपली की त्या थांबायच्या, पुढचा टक् जाऊ द्यायच्या, श्वास घ्यायच्या आणि दुसरी ओळ धरायच्या. ओमने घाबरत घाबरत टकासोबत एकेक तार छेडली. तारेचा आवाज टुणकन उठायचा आणि विरून जायचा, मागे काही ठेवायचा नाही. मामाजींनी मोबाइल कानावरून खाली घेतला आणि मला विचारलं की ही गाते आहे काय. मी हो म्हटलं. त्यांनी भजन बंद केलं.

गाणं संपलं. ओम म्हणाला, "याडी, तू तं मने गळा गेला."

"माहा गळा कायले जाते? दम पुरत नाही आता. तुमची लेंगी अशी पयते का मले श्वास घ्याले जागाच नाही ठेवत."

"मंग सांगतलं काहून नाही?"

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. रागाने नाही, जरा हसूनच म्हणाल्या, "दसऱ्यापासून तू त्या गिटारीले इचारून राह्यला, तुह्यं काय दुखते मनून. मले कोनं इचारलं?"

ओमचा चेहरा असा झाला की मलाच त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण अक्षय होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं. गा म्हणायचं नाही ही रीत खरी. पण याडी, तुला काय होतंय, एवढं विचारायला कोणत्या रीतीने आमचा हात धरला होता?

त्यानंतर निवड करायला फार वेळ लागला नाही. एवढा केलेला अभ्यास वाया जाऊ नये म्हणून ओमने अक्षयला पुन्हा डबल बसवायला लावला आणि त्याच संथ चालीत वाजवून पाहिलं. सासूबाईंनी एक ओळ म्हटली आणि हात हलवून थांबवलं. हा लय चिकट हाय, म्हणाल्या. खरंच होतं. डबलची साय लांबत जायची आणि ज्या जागेत त्यांना श्वास घ्यायचा, ती जागा भरून टाकायची. सिंगलचा आवाज सुटा होता, वेळेवर यायचा आणि वेळेवर निघून जायचा. पाहुण्यांमध्येही असे फार कमी असतात.

घूं कधीच जाणार नाही, हे अक्षयने बजावलं. नंतर तक्रार चालणार नाही, असंही म्हणाला. ओमने सिंगल ठेवला. त्या टकल्याचे व्हिडिओ त्या दिवसापासून बंद झाले, आणि मला सवतीची आठवण येऊ लागली, कारण आता नवरा स्वयंपाकघरात येऊन डाळीला फोडणी कशी द्यायची ते मला शिकवतो.

होळीच्या संध्याकाळी चौकात रिंगण धरलं. त्याआधी ओम डफवाल्या बादलकडे संथ चाल समजवायला दोनदा जाऊन आला होता, तरी बादलचा हात सवयीने पळायचाच. पोरांच्या एक-दोन लेंग्या तशाच धावत झाल्या आणि मजाही आली. मग ओमने पाय आपटून चाल बदलली, संथ केली, आणि एकटाच तार छेडत राहिला. गिटार घूं करत होती. काही पोरं कुरकुरली. कुणी कुणाला बोलावलं नाही. मी सासूबाईंकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्या माझ्या शेजारून कधी पुढे गेल्या ते मला कळलंच नाही.

पहिली ओळ त्यांनी उचलली आणि आम्ही बायांनी मागून धरली. ओळ संपली तशी बादलची काठी डफावर पडायला निघाली. ओमने तारांवर तळहात ठेवला आणि मान हलवून त्याला थांबवलं. डफ थांबला, गिटार थांबली, पाय थांबले. सगळा तांडा त्यांचा श्वास घेऊन होण्याची वाट पाहत उभा राहिला. सुखीबाईंनी पदराने ओठ पुसले, निवांत श्वास घेतला आणि दुसरी ओळ धरली.