थोरल्याची पाचर

धाकट्याची उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनखाली गेली आणि आठ महिन्यांत तो मोठा माणूस झाला. थोरल्याला हे काही केल्या पचत नव्हतं. त्याच कारखान्यात एकोणीस वर्षं घासली ती थोरल्यानं, दहाही बोटं शाबूत ठेवली ती थोरल्यानं. आणि वर्तमानपत्रात फोटो कोणाचा, तर धाकट्याचा. कामगार सुरक्षेच्या नव्या कायद्याचा मसुदा तयार झाला, तेव्हा साक्षीला बोलावणंही त्यालाच.

"वहिनी, हा शर्ट बरा दिसेल ना?"

"साहेब दिसताय, भाऊजी."

"मग साहेबांची पिशवी मी धरतो," थोरला करवादला आणि खरोखरच सोबत निघाला.

मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असतील तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे हात आत सापडायला नको. पण त्यात वेळ जातो, म्हणून एक बटण लाकडी पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवत. मसुद्यात अशा प्रकाराबद्दल मालकाला तुरुंगवास होता आणि बोलणाऱ्या कामगाराच्या नोकरीला संरक्षण.

मसुद्यावर विचार करणाऱ्या समितीच्या सुनावणीत मालकांचा वकील उठला. "ही पाचर बनवली कोणी?"

धाकटा गप्प.

"म्हणजे कामगारांचाच अतिशहाणपणा. मग मालकाला तुरुंग कशाला? कलमच काढून टाका."

धाकट्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पठ्ठ्या आपल्याला वाचवतोय! पाचर थोरल्याचीच होती. तिरकी, घासून गुळगुळीत केलेली. तशी दुसऱ्या कोणाला जमत नसे. भावाच्या मशीनला पहिल्या दिवशी ती त्यानंच बसवून दिली होती.

त्याला भरून यायला हवं होतं. त्याऐवजी पोटात पुन्हा तीच आग पेटली. फोटो याचा, साक्ष याची, आता मोठं मनही याचंच?

तो उभा राहिला. "पाचर माझी आहे."

"विचार करून बोला," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "कायदा अजून झालेला नाही. उद्या तुम्हाला कामावरून काढलं तर आम्ही काही करू शकणार नाही."

"ठाऊक आहे, बाई. दर सोमवारी सुपरवायझर लाकूड आणून द्यायचा. 'बारा काढ,' म्हणायचा. मशीन बाराच आहेत."

वकील खाली बसला.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला गेटवरूनच परत पाठवलं. घरी आला तर सगळे वर्तमानपत्रावर वाकलेले. समितीनं कलम कायम ठेवलं होतं. फोटोत मधोमध धाकटा, आणि त्याच्या खांद्यामागे थोरल्याचा एक कान.

"आलाय की तुमचाही फोटो," बायको म्हणाली. "कान तुमचाच आहे."

धाकटा तीन बोटांनी कात्रीशी झटापट करत होता. "दादा, कापून ठेवतो हं."

"दे इकडे. मलाच कापून टाकशील," थोरल्यानं कात्री ओढून घेतली, आणि कडेचा कान शाबूत राहावा म्हणून बेताबेतानं कापायला बसला.