स्थिरबाबांचा हललेला फोटो

प्रिंटरमधून कागद जेमतेम बोटभर बाहेर आला आणि हॉलभर एकच ओरडा झाला. "आले! आले!"

कोण आले, हे अजून प्रिंटरलाही ठाऊक नव्हतं. कागदावर फक्त खुर्चीचे पाय उमटले होते. तरी पुढच्या रांगेतल्या शिंप्याने डोळ्यांना रुमाल लावला. कागद पुरता बाहेर आला तेव्हा त्यात निवृत्त पोस्टमास्तर डोळे मिटून ताठ बसलेले दिसले. त्यांच्या मागे एक धुरकट आकृती होती. तिला ना नाक, ना डोळे, चेहऱ्याच्या जागी नुसता डाग.

"आई!" पोस्टमास्तर कळवळून म्हणाले.

"मला तर बाबा वाटतात," त्यांचा भाऊ मागून पुटपुटला.

दोघा भावांची जुंपणार, तेवढ्यात स्थिरबाबांनी हात वर केला. "दोघंही आलेत. खोली लहान, म्हणून एकात एक उभे आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या गर्दीत एकाच बाईचे हात खाली होते. कोपऱ्यावर तिचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टसाठी, लायसनसाठी माणसं यायची आणि ती दिवसभर "हलू नका, हलू नका" करायची. गल्लीने तिचं नावच 'हलूनका' ठेवलं होतं. ती इथे आली होती आपल्या आत्याला घरी न्यायला. आणि आत्या तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होती.

बाबांची पद्धत मोठी झोकदार होती. आतल्या मंद उजेडाच्या खोलीत कॅमेरा एकटाच उभा असे. भक्ताने आत जायचं, खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि घंटा वाजेपर्यंत हलायचं नाही. घंटा वाजवायला दारावरचा शिष्य, घंटेची दोरी गळ्यात अडकवून, तेवढा आत थांबे. बाबा स्वतः बाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कॅमेरा आपला आपण चाले आणि फोटो थेट गर्दीसमोरच्या प्रिंटरवर येई. "मी बोटसुद्धा लावत नाही!" असं म्हणून बाबा दहाच्या दहा बोटं दाखवत.

"हलणं म्हणजे मोह!" ते गर्जत. "जो हलला तो हुकला! फांदी हलली की पाखरू उडालं! म्हणून स्थिर व्हा. तुमचं माणूस तुमच्या मागे येऊन उभं राहील."

आत्याने हे फारच मनावर घेतलं होतं. तिची पावाची भट्टी होती. पूर्वी ही बाई हातवारे केल्याशिवाय साधी वेळसुद्धा सांगू शकत नसे. पीठ मळताना तिचं गाणं रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. आतोबा गेले, त्याला वर्ष झालं. आता ती खिडकीपाशी खुर्ची टाकून तासन् तास पुतळ्यासारखी बसे. बाबांनी सांगितलेला सराव होता तो. आत पाव करपत, आणि ही नाकावरची माशीसुद्धा उडवत नसे.

"रविवारी मी अचलव्रत घेणार," घरी पोचल्यावर आत्याने जाहीर केलं. "एक शेवटचा फोटो काढायचा, भट्टीच्या किल्ल्या बाबांकडे द्यायच्या आणि कायमचं मठात जाऊन बसायचं. मी पुरती स्थिर झाले की तुझे आतोबा फोटोत पुरते स्पष्ट दिसतील."

"आणि भट्टी?"

"बाबा बघतील."

"बाबा तर स्थिर! मग पीठ कोण मळणार?"

"चहाटळपणा पुरे." आत्याने उशीखालून आपला फोटो काढला. "तूच म्हणतेस ना, कॅमेरा खोटं बोलत नाही? बघ मग."

हलूनकाने फोटो दिव्याखाली धरला. खुर्ची स्पष्ट, आत्या स्पष्ट, भिंतीवरचं घड्याळही स्पष्ट. आत्याच्या मागे तेवढा धुराचा माणूस.

"आत्या, या घड्याळाला सेकंदकाटा नाही."

"त्या खोलीत काळ थांबतो. बाबांनीच सांगितलं."

"मग थांबलेला काटा दिसायला नको? हा तर पळालाच आहे. बरं, आतोबांच्या पायात हे बूट कुठले?"

आकृती वरून धूसर असली तरी खाली दोन जाड बूट बऱ्यापैकी ओळखू येत होते. आतोबांच्या तळपायाला भोवरी होती. स्वतःच्या लग्नातसुद्धा ते चपला घालून उभे राहिले होते.

"मीही विचारलं," आत्या म्हणाली. "बाबा म्हणाले, तिकडे थंडी फार."

हलूनकाला हसू आवरेना. पण आत्या हसली नाही. ती फोटो परत घेत म्हणाली, "मला काही कळत नाही असं नको समजूस. पण यात माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. वर्षभर माझ्या मागे कुणीच नव्हतं गं."

हलूनकाला आत्याची मनापासून कीव आली आणि त्या बाबाचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने आत्याला गोड बोलून स्टुडिओत आणलं. पडदे ओढले, एकच मिणमिणता दिवा ठेवला आणि आत्याला खुर्चीत बसवलं. "मी 'जा' म्हटलं की ऊठ आणि तडक बाहेर जा."

"आयुष्यभर 'हलू नका' म्हणणारी तू!"

"आज हल."

थोड्या वेळाने आत्याच्या हातात फोटो आला. खुर्ची ठळक होती. मागचं कपाट ठळक होतं. आणि खुर्चीत एक फिकट, आरपार दिसणारी आत्या बसली होती. तिच्या पोटातून खुर्चीची पाठ दिसत होती.

"अगं बाई! मी मेले की काय?"

"भूत व्हायला मरावं लागत नाही आत्या, नुसतं मधेच उठून जावं लागतं. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याची पापणी मी बराच वेळ उघडी ठेवली. खुर्ची सगळा वेळ जागेवर होती, म्हणून ती ठळक. तू थोडाच वेळ होतीस, म्हणून फिकट. सेकंदकाटा एका जागी ठरतच नाही, म्हणून तो गायब."

"आणि ते बूट?"

"कुणीतरी तुझ्या मागे येऊन उभं राहिलं. पाय रोवून वरचं अंग तेवढं डोलवलं. म्हणून तोंड पुसलं गेलं आणि बूट राहिले. मेलेलं माणूस हलत नाही, आत्या. फोटोत जे असं फिसकटतं, ते चांगलं जिवंत असतं."

आत्या आपल्याच भुताकडे बघत राहिली. "मी अशी दिसते?"

"सध्या तरी अशीच."

आत्या उठून घरी गेली.

रविवारी ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन हॉलमध्ये हजर! हलूनकाने कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. शिष्याने अदबीने दार उघडलं. आत्या आत गेली, मागोमाग शिष्यही गेला आणि दार बंद झालं. बाबांनी दहा बोटं वर केली.

"शांत राहा! येताहेत! पाखरू फांदीवर बसतं आहे..."

आतून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाने खणखणीत बोंब ठोकली, "मेलो! सोडा!"

"आत्मा आनंदाने ओरडतो आहे," बाबा म्हणाले. पण वर केलेली बोटं एकेक करून मिटायला लागली होती.

घंटा काही वाजली नाही. कॅमेऱ्याला मात्र घंटेशी देणंघेणं नव्हतं. त्याची पापणी नेमल्या वेळी मिटली आणि प्रिंटर घरघरू लागला. बाबा तिकडे धावले, पण सवयीने सगळी गर्दी आधीच तिथे वाकलेली होती. आधी बूट आले, मग पँट, मग गळ्यातली घंटेची दोरी. आणि मग, भीतीने थिजल्यामुळे अगदी ठळक, गालावरच्या तिळासकट शिष्याचा चेहरा! त्याच्या भोवती पांढरी वावटळ उठावी तशी आत्या फिसकटली होती. त्या वावटळीतून तिची एक मूठ तेवढी स्पष्ट दिसत होती. ती त्याच्या कॉलरवर होती.

"तोंड मिटलं असतं तर पासपोर्टला चालला असता," हलूनका म्हणाली.

"ही माझी आई?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"बाबाही नव्हेत," भाऊ म्हणाला. भावाभावांचं त्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं.

दार उघडून आत्या शिष्याला पिठाचं पोतं ओढावं तशी ओढत आली. "मी डोळे किलकिले करून बसले होते. हा माझ्या मागे येऊन डोलायला लागला!"

"आत्म्याने शिष्याचं रूप घेतलं!" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मग आत्म्याच्या श्वासाला तंबाखूचा वास कसा?" आत्याने किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून शिष्याला दरडावलं. "आणि काय रे, रांगेत उभी असताना 'ते उंच होते का, बारीक होते का' असं गोड गोड विचारणारा तूच ना?"

बाबांनी मागच्या दाराकडे धूम ठोकली. इतक्या चपळाईने हललेला स्थिर माणूस गावाने कधी पाहिला नव्हता.

हलूनका खुर्चीवर चढली आणि तिने कॅमेऱ्याची सगळी करामत सगळ्यांना उलगडून सांगितली. शिंपी रडवेला झाला. "पण मला माझी बायको दिसली होती हो!"

"चेहरा नव्हता, म्हणूनच दिसली. डाग त्यांनी दिला, नाक-डोळे आपण घातले. आपल्या मायेचं यात काही चुकलं नाही. पण इथून पुढे कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर एवढंच विचारा, का? ज्याचं खरं आहे, त्याला आपल्या उघड्या डोळ्यांची भीती कशाला?"

संध्याकाळी आत्या भट्टीपाशी बसली होती. दिवसाची मर्दुमकी उतरली होती.

"म्हणजे ते आलेच नव्हते."

"नाही, आत्या."

हलूनकाने पिशवीतून एक फोटो काढला. आतोबा पासपोर्टच्या फोटोसाठी बसले होते तेव्हाचा, बाद फोटोंच्या डब्यातला. ती "हलू नका" म्हणाली होती आणि तेवढ्यावरच त्यांना हसू फुटलं होतं. मान मागे गेलेली, मिशा फिसकटलेल्या, एक हात नुसताच पांढरा फराटा. कुठल्याही कचेरीने तो घेतला नसता.

आत्याने तो पाहिला मात्र, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिला हसू आलं, अगदी पोटातून. "हे! हे ते! असेच हसायचे मेले!"

आता तो फोटो भट्टीच्या गल्ल्यावर लावलेला आहे. आत्याचं गाणं पुन्हा रस्त्यापलीकडे ऐकू येतं. पाव घ्यायला आलेलं नवखं गिऱ्हाईक कधी तरी म्हणतं, "आजी, चांगला लावा की एखादा. हा फोटो हललाय."

"फोटो नाही हलला," आत्या पिठाचा हात हवेत उडवत सांगते. "माणूस हललाय. जिवंत होता ना तेव्हा!"