लेकीच्या गावचं पाणी

"बाबू, एकच घोट," इंद्रकली पुन्हा म्हणाली. म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी तिची थोरली जाऊ. दारात उभी राहून हे पाहत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. ऐन जेठ महिन्याच्या उन्हात इंद्रकलीचे वडील रामदुलारबाबू लेकीला भेटायला आले, ते आमच्या ओसरीवरच कोसळले. अर्धं अंग गेलं. डॉक्टरने एक सलाईन चढवली, हलवू नका म्हणाला, आणि तोंडाने पाणी गेलं नाही तर माणूस हाती लागणार नाही, असंही बजावून गेला. पण आमच्या अवध मुलखात बाप लेक दिलेल्या गावचं पाणी पीत नाही. कन्या दान केली, मग दानातलं परत कसं घ्यायचं?

इंद्रकलीने कालव्यापलीकडच्या गावातून कळशी आणली. ती दोन दिवस चालली. मग म्हाताऱ्याला आठवलं, त्या गावातही आपल्या चुलतभावाची पोर दिली आहे. झालं, तेही पाणी बंद. बाजारातली बाटली आणली, तर ती कुठल्या गावची कोण जाणे, म्हणून नको. आता उरली फक्त माहेरची विहीर. भाऊ सुखनंदन फोनवर रोज म्हणायचा, उद्या पाणी घेऊन निघतो. लग्नसराईत त्याच्या ट्रॅक्टरला भाडी फार.

"असली कसली माया ती?" मी चिडून म्हणाले. "पोरीच्या डोळ्यांदेखत तहानेनं मरायचं?"

"जिजी, त्यांना बोलू नका," इंद्रकली म्हणाली. दुपारी म्हाताऱ्याची जीभ लाकडासारखी झाली, डोळे फिरायला लागले. तशी ती उठली आणि आमच्याच अंगणातल्या हापशावर लोटा भरून आली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"बाबू, भैया येऊन गेला. विहिरीचं पाणी ठेवून गेला. तुम्ही झोपला होतात."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. तिने मान उचलून धरली. त्याने अधाशासारखा लोटा रिकामा केला, निम्मं पाणी गळ्यावर सांडलं.

"थांबला नाही? घाईत असेल बिचारा," तो अडखळत म्हणाला. "घरचं पाणी ते घरचं. शंभर वर्षं जग रे सुखनंदना. पोरी काय, परक्याचं धन. शेवटी तोंडात पाणी घालायला मुलगाच लागतो."

खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं. इंद्रकलीने पदराने त्याची ओली हनुवटी पुसली.

"हो बाबू," ती म्हणाली. "अजून देऊ?"