कापलेलं जोडवं

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. राहू गावच्या रखमाजींच्या घरात सकाळपासून सासू-सुनेचं वाजलं होतं, आणि कारण होतं सुनेच्या पायाचं एक बोट.

आदल्या संध्याकाळी धार काढताना म्हशीने सुषमाच्या पायावर पाय दिला. बोट टम्म फुगलं. सासूबाईंनी, म्हणजे अनसाबाईंनी, घरोघरी करतात तेच केलं. हळद-चुना थापला आणि जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली. बोटातलं चांदीचं जोडवं मात्र तसंच राहिलं. सवाष्णीचं जोडवं काढायचं, हा विचारच त्या घराला कधी शिवला नव्हता.

सकाळी सुषमाने चिंधी सोडली. रात्रभर ठणकलेलं बोट आता निळं पडून गार लागत होतं, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. साबण लावूनही जोडवं हलेना. दवाखान्यात जाऊन कापून घेते म्हणताच अनसाबाई हादरल्या. त्यांचा एकुलता एक शंभू सणसवाडीच्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. त्याचं काही बरंवाईट झालं तर? ही भीती मनापासूनची होती, म्हणूनच ती आवरत नव्हती. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जोडवं काढून आलीस तर ह्या घरात पाऊल टाकू नगंस."

"पाऊल राहिलं तर टाकीन ना, आत्या," सुषमा म्हणाली.

आजवर सासूला उलट न बोललेली ही पोर भिंत धरून उभी राहिली आणि लंगडत थेट दाराकडे निघाली. रखमाजी तंबाखू मळत खाली बघत बसले. अशा वेळी घरातल्या पुरुषांना तंबाखू बरी सुचते!

गलका ऐकून शेजारून अनसाबाईंची थोरली जाऊ भागुबाई आली. ऐन तिशीत विधवा झालेली बाई. तिने बोट पाहिलं आणि ती अनसाबाईंकडे वळली.

"माझी जोडवी मी बाळंतपणातबी काढली न्हाईत, अनसा. त्या चांदीनं माझा मालक वाचला का? तो गेला तवा तूच ती माझ्या पायातनं काढलीस. सांग, माझं काय चुकलं हुतं?"

डोळ्यांना पदर लावून अनसाबाई दारातून बाजूला झाल्या. रखमाजींनी मुकाट्याने एम-एटी गाडी बाहेर काढली.

डॉक्टरांनी जोडवं कापलं, तसा बोटाला हळूहळू रंग आला. हाड चिरलं होतं. मध्ये कापूस ठेवून त्यांनी ते बोट शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलं आणि चांगलंच सुनावलं. मार लागला की सूज चढायच्या आत जोडवं काढायचं, गार पाण्याचं फडकं ठेवायचं, पाय उशीवर घ्यायचा, आवळून काही बांधायचं नाही. बोट बधिर किंवा निळं झालं तर घरी थांबायचंच नाही. आणखी उशीर झाला असता तर बोटच कापावं लागलं असतं!

रविवारी शंभू धडधाकट घरी आला.

पुढे गावातल्या हौसरावांच्या सुनेच्या पायावर पाटा पडला. बायका हळद शोधत होत्या, तेवढ्यात अनसाबाईंनी तिचं जोडवं ओढून काढलंदेखील. कुणीतरी अपशकुन म्हणून कुजबुजलं.

"कुणाचाबी नवरा बायकूच्या बोटाला बांधल्याला नसतो," अनसाबाई म्हणाल्या. "आधी हिचा पाय बघा."

वाचकहो, आपल्याही घरात हे ठणकावून सांगणारं कुणीतरी हवं. दागिना परत घडवता येतो, बोट येत नाही. ज्या रीतीपायी बाईचं अंग सडतं ती रीत मोडावी, आणि मोडताना कुणाची परवानगी मागत बसू नये.