कोपऱ्यातलं पीस

मित्रांनो, मी एक जुनी खिडकीची काच आहे. हिरवट, मधोमध एक बुडबुडा अडकलेली. आमच्या गावचा थोर नाटककार ज्या खोलीत जन्मला असं सांगतात, त्याच खोलीच्या खिडकीत मी बसले आहे. पूर्वी लांबलांबून पाहुणे येत आणि बोटातल्या हिऱ्याच्या अंगठीनं माझ्यावर आपापलं नाव कोरून जात. तशी इथली रीतच होती.

मला इथं बसवलं काचा बसवणाऱ्या सायलसनं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको हेटी, बदकं विकणाऱ्याची मुलगी, त्याची भाकरी घेऊन आली होती. काम संपल्यावर त्यानं काच कापायच्या हिऱ्यानं माझ्या खालच्या कोपऱ्यात एक इवलंसं पीस कोरलं.

"हे काय रे?" हेटीनं विचारलं.

"तुझ्या केसांत रोज सापडतं ते. कितीही नटलीस तरी बदकांची हेटीच तू!"

"चल, चावट कुठला!" ती खळखळून हसली. तसं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

सायलस फ्रेंचांशी लढायला सैन्यातून स्पेनला गेला आणि तिकडेच कुठल्याशा खड्ड्यात पुरला गेला. ना थडगं, ना खूण. हेटीला हे घर पाहुण्यांना दाखवायचं काम मिळालं. मला पुसताना ती पिसावर बोट ठेवून पुटपुटायची, "काय म्हणतोस, सायलस?" तिच्यापाशी त्याचं तेवढंच उरलं होतं.

नावं वाढत गेली. वरची जागा संपली, अंगठ्या खाली सरकू लागल्या. एके दिवशी एका बाईसाहेबांची अंगठी नेमकी पिसावर टेकली आणि हेटी घाबरून ओरडली, "अहो, तिथं नको! ते पीस खुद्द नाटककारानं कोरलंय. तो पिसानंच लिहायचा ना, त्याच्या लेखणीचं आहे ते!"

बाईसाहेबांनी झटकन हात मागे घेतला. पीस वाचलं, पण घात तिथंच झाला.

बातमी गावोगाव पसरली. लोक पीस बघायला रांगा लावू लागले. शेवटी क्रॉली नावाचे एक विद्वान भिंग घेऊन आले. मला पाहताच म्हणाले, "ही काच तर अगदी अलीकडची! नाटककाराला जाऊन दोनशे वर्षं झाली. कुणा लबाडाचं काम आहे हे. घासून टाका." मग हेटीकडे वळले. "बाई, तुम्हाला ठाऊक आहे, कुणी कोरलं?"

सांग गं हेटी, सांग! मी आतल्या आत टाहो फोडत होते. पण खरं सांगितलं असतं, तर खोटारडी म्हणून तिलाच घराबाहेर काढलं असतं. मग माझ्यापाशी तरी कशी आली असती?

"नाही साहेब," ती म्हणाली. "असेल कुणीतरी लबाड."

ओल्या वाळूनं अर्ध्या तासात पीस गेलं. घासणाऱ्याला पाण्याचं भांडं तिनंच धरून दिलं. बाकीची शेकडो नावं मात्र राहिली, कारण ती मोठ्या माणसांची होती.

पुढे नऊ वर्षं हेटी मला पुसत होती. त्या धुरकट कोपऱ्यावर बोट ठेवून उभी राहायची, पण सायलसला हाक मारायची नाही. लबाड म्हटल्यावर कुठल्या तोंडानं मारणार?

मित्रांनो, आता माझ्यापुढे दोरी बांधली आहे. मला कुणी हात लावत नाही, माझी फार काळजी घेतात. काय करू मी त्या काळजीचं? तुम्ही थोरामोठ्यांची घरं बघायला जाल, तेव्हा तिथं झाडणाऱ्या-पुसणाऱ्या माणसाला एकदा विचारा, "इथं तुमचं काही आहे का हो?" हेटीला ते कुणीच विचारलं नाही.