बडीशेपेचं मैदान

भिकननं मुलीच्या शर्यतीच्या संमतीचा कागद घडी करून बशीखाली सरकवला आणि त्याच बशीत चहा ओतला. आता कागद ओढायचा तर चहा सांडणार, आणि समोर बसलेल्या वाल्मीक सरांची पँट पांढरी होती.

"भाऊ, सही राहिली," सर म्हणाले.

"सहीचं काय, होईल. आधी मला सांगा, मॅरेथॉन म्हणजे काय?"

सर कॉलेजात खेळही शिकवत आणि गरज पडली की इतिहासही. त्यामुळे ते खुलले. "मॅरेथॉन म्हणजे बडीशेप, भाऊ. ग्रीस देशात बडीशेपेचं मैदान होतं. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथं लढाई झाली. एक शिपाई बातमी घेऊन शहराकडे धावत सुटला, 'जिंकलो' म्हणाला आणि पडला तो उठलाच नाही. झाडाचं नाव मैदानाला, मैदानाचं लढाईला, लढाईचं शर्यतीला."

"म्हणजे आपल्या बोरखेड्यासारखं."

"अगदी! बोरीवरून बोरखेडं, एरंडावरून एरंडोल. अमेरिकेतसुद्धा म्हणे मॅरेथॉन नावाची गावं आहेत."

"मग तिथल्या कंट्रोलरचे हाल असतील," भिकन म्हणाला. एरंडोलच्या बसस्थानकावर तो वाहतूक नियंत्रक होता, आणि दिवसातून वीस वेळा त्याला खिडकीतून ओरडावं लागे, 'कोणतं बोरखेडं, बाई? माळाचं का नदीचं?' एका काटेरी झाडानं त्याच्या नोकरीला लावलेला हा ताप होता. "आणि त्या शिपायाचं नाव काय?"

सर थबकले. "पुस्तकांत दोन-तीन नावं देतात. नक्की कोणी सांगत नाही."

"बघा. बडीशेप राहिली, माणूस गेला."

सर हसले. भिकन हसला नाही. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते आणि ही अकराची आहे, हे मात्र सरांनी सांगितलं नाही. शर्यत भरवणाऱ्या बोरखेड्याच्या देवचंद नानांनी 'मॅरेथॉन'चे फलक आधीच रंगवून घेतले होते.

माणसांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी भिकनच्या नावावर एक गोष्ट पक्की लिहिलेली होती. हा गृहस्थ घाई करत नाही. समोरच्या टपरीवर जायचं तरी वळसा घालून, पाय मोजत जाईल. पाऊस आला तरी चाल तीच. सुटलेल्या गाडीमागे पळणाऱ्या उतारूंना तो खिडकीतून म्हणे, "पळू नका, अर्ध्या तासानं दुसरी आहे." ड्रायव्हर-कंडक्टर त्याला मागे 'जहागीरदार' म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्याचा बाप पुना हा माळाच्या बोरखेड्याचा. गावात मयत झालं की पाटलाच्या ओट्यावरून हाक यायची आणि पुना पायी सुटायचा. नातेवाईक एरंडोलला असोत की आणखी पुढे, प्रेत उचलायच्या आत सांगावा पोचला पाहिजे. दारापासून लांब उभं राहून मेलेल्याचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि फिरायचं. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. तेव्हा भिकन दहा वर्षांचा होता. पुढे तो शिकला, एसटीत लागला, एरंडोलला आला. बाप वारून सतरा वर्षं झाली, पण बाप काय करायचा हे त्यानं, बायको ताईबाई सोडली तर, इथं कोणालाच सांगितलं नव्हतं. पुष्पालाही नाही. आजोबा 'शेतीचं बघायचे' एवढंच तिला माहीत होतं.

आणि आता छापील कागदावर शर्यतीचा मार्ग होता : माळाचं बोरखेडं ते एरंडोल बसस्थानक.

सर गेल्यावर पुष्पा दारात येऊन उभी राहिली. ती अकरावीत होती. पहिल्या येणारीला नाशिकच्या सरावशिबिराला पाठवणार होते, आणि तिथलं प्रमाणपत्र पोलीस भरतीत धरतात असं तिनं चौकशी करून आणलं होतं.

"बाबा, नाही म्हणायचं असेल तर कारण सांगा."

"बोरखेड्याहून कशाला? जळगावला होईल एखादी, तिथं पळ."

"तिथं काय रस्ता वेगळा असतो?"

भिकननं बशी उचलून तोंडाला लावली. ताईबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. पोरगी पाणी आणायला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मामांना जाऊन किती वर्षं झाली. आता कोण काढतंय ते?"

"काढणारे असतात."

"असू दे. तिची तरी वाट का अडवता? तुमच्यासारखी खुर्चीत बसवून ठेवायची का?"

कागदावर बशीचा गोल डाग उमटला होता. भिकननं खिशातलं लाल पेन काढलं आणि डागाच्या मधोमध सही केली.

शर्यतीच्या दिवशी, ब्याण्णवच्या जानेवारीतल्या रविवारी, स्थानकाबाहेरच्या पटांगणात मांडव घातला होता. देवचंद नानांनी बोरखेड्याची माणसं दोन ट्रॅक्टर भरून आणली होती. पुष्पा वळणावर दिसली तेव्हा तिच्या मागे कोणीच नव्हतं. दुसरी मुलगी येईपर्यंत तिनं कमरेवर हात ठेवून मांडवाला दोन फेऱ्या घातल्या.

"भिकन, तुनी पोर शे का ती?" बोरखेड्याची म्हातारी भागाबाई गर्दीतून ओरडली. "कशी पयनी व माय! बठ्ठा गाव देखाले येल शे!"

भिकन आपल्या चालीनं मांडवापर्यंत गेला आणि खांबाजवळ उभा राहिला. क्षणभर त्याला वाटलं, झालं, निभावलं.

ढाल देताना देवचंद नानांनी माईक हातात घेतला. नाना वाईट माणूस नव्हता. चांगलं बोलायचं ठरवून उभा राहिला की मात्र त्याला थांबवणं अवघड जाई.

"मंडळी, तुम्ही म्हणाल ही पोरगी अशी पळाली कशी? मी सांगतो. हिचा आजा पुना, आमच्या गावचा! माझे आजोबा वारले तेव्हा मी तेरा वर्षांचा. सांगावा घेऊन पुना याच रस्त्यानं एरंडोलला आला, लांबूनच आजोबांचं नाव ओरडून सांगितलं आणि फिरला. वैशाखाचं ऊन! इकडे आमचे मामा अंघोळ करून गाडी जुंपेपर्यंत पुना बोरखेड्यात परत! पायात काही नाही, बरं का. रक्तातच आहे हे, रक्तातच!"

मांडवानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली माणसं माना वळवून भिकनकडे कौतुकानं बघायला लागली. डेपोतले दोघं-तिघं एकमेकांकडे बघून काहीतरी पुटपुटले. वाल्मीक सरांनी खाली पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेही हात आहेत हे भिकनला जरा उशिरा कळलं.

पुष्पा ढाल छातीशी धरून मंचावर उभी होती. ती बापाकडेच बघत होती.

गर्दी पांगल्यावर ती फलाटाच्या कडेला येऊन बसली. भिकन शेजारी टेकला. टाळ्या थांबल्यापासून त्यानं मनाशी बोलणी तयार केली होती. ते काम आपण मागून घेतलं नव्हतं. ते आपण सोडलं, कोणी सोडवलं नाही. नाना बोलला ते कौतुक नव्हे, आणि ते त्याला या जन्मात कळायचं नाही. कुठून सुरू करावं एवढंच ठरत नव्हतं.

"आबा खरंच धावायचे?" पुष्पानं विचारलं.

"हं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

तिनं वाद घातला नाही. डाव्या पायाचा बूट काढून ती मोजा गुंडाळू लागली. अंगठ्याला फोड आला होता.

"किती वेळात यायचे?"

हा प्रश्न भिकनच्या तयारीत नव्हता. "घड्याळ कोणाकडे होतं तेव्हा?"

"मला बावन्न मिनिटं लागली," ती म्हणाली. "शेवटच्या पुलाशी सर मोटरसायकलवरून विचारत होते, बरी आहेस ना. मला बोलताच येईना. हातानं खूण केली." तिनं फोडावर बोट टेकवलं आणि उचललं. "आबांना तर पोचल्या पोचल्या बोलावं लागत असेल. तेही लांबून, ओरडून."

भिकननं तिचा काढलेला बूट उचलून सरळ ठेवला.

"मग ते काय करायचे, बाबा? दम खाऊन मग नाव सांगायचे, की तसेच?"

भिकननं तोंड उघडलं. बापाचे पाय त्याला आठवत होते, टाचांच्या भेगा आठवत होत्या, ओट्यावरून आलेली हाक आजही जशीच्या तशी ऐकू येत होती.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी विचारलंच नाही कधी."

पुष्पानं मान हलवली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.