गंजाच्या पुढे एक बोट

लोखंडी फाटकं रंगवण्यात गंजोबांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. हे टोपणनाव त्यांना त्यांच्या नियमावरून पडलं होतं: गंज दिसतो त्याच्या पुढे एक बोट खरवडायचं, मगच रंग. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ दुसऱ्या रंगाऱ्याचा पत्ता देत.

आणि हाच शहाणा माणूस नाकाच्या शेंड्यावरचा चमकदार फोड वर्षभर बारीक पॉलिश पेपरने घासत होता! खपली निघे, रक्त येई आणि महिन्याभरात फोड पुन्हा हजर. शेवटी बायकोने कान धरून दवाखान्यात नेलं. तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला.

"वेळेवर आलात, अजून लहान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुन्हा उगवू नये म्हणून मुळासकट काढायला हवा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी नाक बधिर करून बाईंनी चकती कापली, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि तासाभराने परत आल्या. "एका कडेला थोडा शिल्लक आहे. अजून एक पापुद्रा काढू."

गंजोबा टेबलावरून उतरलेच. "राहू द्या हो. दिसत तर नाही ना आता? आजवर नाक वर करून जगलो, आता नाकच उरायचं नाही!" चांगलेच घाबरले होते बिचारे.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, फाटकाचं गिऱ्हाईक असं म्हणालं असतं तर?"

गंजोबांनी नाकावरची पट्टी चाचपली. मग, "पत्ता दिला असता दुसऱ्याचा," असं पुटपुटत गुपचूप आडवे झाले.

या खेपेला कडा स्वच्छ निघाल्या. बाईंनी बजावलं, उन्हात रुंद काठाची टोपी, दर दोन तासांनी क्रीम आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. क्रीम म्हणजे नट्यांचे चाळे, असं आयुष्यभर म्हणत आलेल्या गंजोबांनी मुकाट्याने ट्यूब खिशात टाकली.

पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक कुरकुरलं, "एवढं कशाला खरवडता? वरवर मारा की रंग, दिसतंय कुणाला?"

गंजोबांनी या वेळी पत्ता दिला नाही. टोपी मागे सारली, नाकावरचं क्रीम पुसून व्रण दाखवला.

"मीही हेच म्हणालो होतो."

मग खिशातून ट्यूब काढून त्यांनी नाकाला पुन्हा क्रीमचा एक हात दिला आणि खरवडायला बसले.